‘टेक’ म्हणजे नेमकं घ्यायचं तरी काय?

तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, मी मूळची साताऱ्याची, गेली सहा वर्षं सिंगापूरला आहे. आमच्या मजल्यावर चीनमधल्या छंगतूहून आलेली एक बाई राहते, मुलीच्या शाळेसाठी आलीय, नवरा तिकडेच. तिला इंग्रजी शिकायचंय आणि नेमकी मी सापडलेय. लिफ्टमध्ये, खाली मुलांच्या बसची वाट बघताना, जिथे गाठेल तिथे वही उघडते. परवा तिने ‘टेक’ हा शब्द काढला. मोबाईलच्या डिक्शनरीतून पानभर चिनी अर्थ उतरवून घेतलेत आणि म्हणते हे सगळे एकाच शब्दाचे कसे? तिची वाक्यं अशी असतात – आय ईट मेडिसिन, आय सिट बस, माय डॉटर अटेंड एक्झाम, इट स्पेंड वन अवर. मी सुधारते, ती लिहून घेते, दुसऱ्या दिवशी परत तेच. वर मलाच विचारलं की तुम्ही इंडियन लोक ‘गिव्ह एक्झाम’ का म्हणता? मी गप्प. कसं समजावू?

उत्तर : अगं ताई, आधी ती पानभर यादी बाजूला ठेवायला सांग तिला. यादी पाठ करून असला शब्द कुणालाच येत नाही, आपल्यालाही आला नसता. उद्या एखाद्या परदेशी माणसाला मराठी शिकवायला बस आणि ‘लाव’ समजावून दाखव. दार लाव म्हणजे बंद कर, दिवा लाव म्हणजे चालू कर, मग कुकर लाव, गजर लाव, तेल लाव, झाड लाव, वशिला लाव, पोराला शिस्त लाव आणि शेवटी कुणाची तरी वाट लाव. ही यादी पाठ करायला घेतली तर वाट त्या माणसाचीच लागेल. आपल्याला कधी त्रास झाला नाही कारण आपण ‘लाव’ एकटा शिकलोच नाही, दाराबरोबर शिकलो, दिव्याबरोबर शिकलो.

तुझ्या शेजारणीची अडचण काय झालीय सांगते. शाळेत ‘टेक’ म्हणजे ‘ना’ असं शिकवलेलं असतं. (चिनी शब्द मी आपल्या कानाला येतात तसे लिहितेय, सूर वगैरे सोडून दे.) ‘ना’ म्हणजे हाताने उचलून घेणे. टेबलावरचं पेन घेतलं, पिशवी घेतली, तिथे हे बरोबर बसतं, आणि तिथेच संपतं. औषध हातात घेऊन आजार जात नाही ना, मग तिच्या डोक्यात साहजिकच ‘छ्र याओ’ येतं, म्हणजे औषध खाणे, आणि तोंडातून ईट मेडिसिन. औषधाच्या खोक्यावर वेगळा जरा भारदस्त शब्द असतो, ‘फू-युंग’, पण घरात आई पोराला विचारते ते औषध खाल्लंस का असंच. आपण तरी काय वेगळं म्हणतो, गोळी खाल्लीस का हे मीसुद्धा लहानपणी रोज ऐकलंय. त्यामुळे तिला यावर हसू नकोस, मराठी माणसाला तो हक्कच नाही.

चिनीत बऱ्याच ठिकाणी क्रियापद कसं ठरतं, तर शरीर प्रत्यक्ष काय करतंय त्यावरून. बस, ट्रेन, विमान, सगळ्याला ‘त्स्वो’ म्हणजे बसणे. शांघायच्या मेट्रोत सकाळी एका पायावर लोंबकळत गेलात तरी भाषेच्या हिशोबाने तुम्ही मेट्रो ‘बसून’च गेलात. (हाँगकाँगकडे कँटनीज बोलणारे याला ‘ताप’ म्हणतात, जे आपल्या लोकलच्या प्रवासालाही शोभेल.) फोटोला ‘फाय’, याचा मूळ अर्थ थोपटणे, चापट मारणे. आंघोळीला ‘शी’, सरळ धुणे. टेम्परेचर घेत नाहीत, मोजतात. नोट्स घेत नाहीत, टिपतात. कोट काढायला एक शब्द, ‘थ्वो’, आणि टोपी किंवा चष्मा काढायला दुसराच, ‘चाय’, जो झाडावरून फळ तोडायलाही वापरतात. इंग्रजीत या दोन्हीला नुसतं टेक ऑफ, वर विमान उडालं तरी टेक ऑफ. ती बाई वैतागेल नाहीतर काय. आपल्याला हे पटकन कळायला हवं खरं तर, आपण ड्रेस घालतो, साडी नेसतो, फेटा बांधतो आणि चष्मा लावतो, आणि इंग्रजीत सगळं वेअर.

वेळेचं बघ. इट टेक्स वन अवर. कोण कुणाचं काय घेतंय इथे? चिनीत एक तर ‘याओ’ म्हणतात म्हणजे एक तास हवा, नाहीतर ‘हुआ’ म्हणजे एक तास खर्च होतो. हा ‘हुआ’ फुलालाही म्हणतात, लिहायलाही तेच अक्षर. तिचं ‘इट स्पेंड वन अवर’ तिथून आलंय. मराठीत आपण एक तास ‘लागतो’ म्हणतो. तीन भाषा, तीन कल्पना, तास तोच.

आता परीक्षा, म्हणजे तुला गप्प केलेला प्रश्न. आपल्याकडे मास्तर परीक्षा घेतात आणि मुलं परीक्षा देतात. इंग्रजीत बरोब्बर उलटं, मास्तर गिव्ह करतात आणि मुलं टेक करतात. आपण मराठीतून, हिंदीतून विचार करतो म्हणून तोंडातून ‘आय गेव्ह माय एक्झाम’ येतं, आणि भारतात सगळे एकमेकांना समजून घेतात म्हणून ते कुणाला खटकत नाही, खटकतं ते बाहेर गेल्यावर. चिनीत मात्र घेणं नाही आणि देणंही नाही. एकच शब्द, ‘खाओ’. शिक्षक मुलांना खाओ करतात, मुलंही इंग्रजी खाओ करतात, दोन्हीकडून तेच. तिकडची बारावीनंतरची ती मोठी परीक्षा, जिच्यासाठी आख्खं घर आवाज न करता चालतं, तिचं नाव ‘काओ-खाओ’. २००३ पासून, कोविडचं २०२० साल सोडलं तर, ती ७ जूनला सुरू होते, बहुतेक प्रांतांत ७५० मार्कांची असते आणि त्यातले १५० इंग्रजीचे. २००१ मध्ये सरकारने तिसरीपासून इंग्रजी सुरू करायचं ठरवलं, तेव्हापासून पोरं लहानपणीच या ‘टेक’च्या तावडीत सापडतात, पण मार्क मिळतात ते रिकाम्या जागा भरून, बोलून नाही. ‘अटेंड एक्झाम’ कुठून येतं तर चिनीत जरा नीट बोलायचं असेल तर ‘परीक्षेत भाग घेणे’ म्हणतात, आणि डिक्शनरी त्याला अटेंड सांगते. म्हणजे ती चूक करत नाहीये गं, ती अगदी इमानदारीने भाषांतर करतेय!

मग शिकवायचं कसं? मी स्वतः तीन वर्षं चीनमध्ये, वूहानमध्ये, एका कॉलेजात इंग्रजी शिकवलंय. पहिलं वर्ष मी पण तुझ्यासारखंच केलं, लाल पेनने ईट खोडायचं आणि वर टेक लिहायचं, मुलं मान डोलवायची, आणि मला सर्दी झाली की वर्गातून आवाज यायचा, टीचर, यू मस्ट ईट मेडिसिन अँड ड्रिंक मोर हॉट वॉटर. (गरम पाणी हा तिकडे सगळ्यावर उपाय, ताप, पोटदुखी, प्रेमभंग, काहीही.) दुसऱ्या वर्षी कधीतरी डोक्यात उजेड पडला की मी त्यांना ‘टेक’ची ओळख चुकीच्या शब्दातून करून देतेय. ‘ना’ नको. त्यांच्याच भाषेत एक दुसरा शब्द आहे, ‘ता’.

‘ता’ म्हणजे मारणे, ठोकणे. पण चिनी माणूस फोन ‘ता’ करतो, टॅक्सी ‘ता’ करतो, इंजेक्शन ‘ता’ करतो, छत्री ‘ता’ करतो, डुलकी ‘ता’ करतो, दुकानदार डिस्काउंट ‘ता’ करतो. यात कुणालाच मार बसत नाही. त्या शब्दातला मार केव्हाच निघून गेलाय, आता तो नुसता हमाल आहे, पुढचा शब्द जे सांगेल ते ओझं उचलतो. आणि ताई, हे तुला तर हसत हसत कळेल, कारण आपण फोन मारतो, चक्कर मारतो, गप्पा मारतो, डुलकी मारतो, कॉलेजला दांडी मारतो. इंग्रजीतला ‘टेक’ हाच प्रकार आहे. टेक अ लुक, टेक अ वॉक, टेक अ नॅप, टेक अ ब्रेक, यात सगळा अर्थ मागच्या शब्दात, टेक फक्त वाक्य उभं करतो.

हे सांगितल्यावर वर्गात एक मुलगा ओरडलाच, ओ, सो टेक इज इंग्लिश ‘ता’! तेव्हापासून मी तेच वाक्य चोरून वापरते. तूही वापर. तुझ्या शेजारणीला म्हणावं, तू फोन मारतेस तेव्हा फोन रडतो का? नाही ना. तसं औषध टेक केलं म्हणजे हातात घेतलं असं नाही.

वहीचंही सांगते. ‘टेक’ हे पान फाडून टाकायला लाव आणि त्याऐवजी औषधाचं पान, बसचं पान, परीक्षेचं पान, फोटोचं पान असं कर. औषधाच्या पानावर टेक मेडिसिन आणि खाली तिचं रोजचं वाक्य, ‘हॅव यू टेकन युवर मेडिसिन’, मुलीला विचारायचं. दुपारी खरंच विचारायचं. शब्द जोडीने डोक्यात गेला की जोडीनेच बाहेर येतो. टेक अ टॅक्सी सगळ्यात आधी घे, कारण तिच्याकडे ‘ता-छ’ आहेच, गाडी मारणे. जरा जुन्या पिढीची असेल तर ‘ता-ती’ म्हणत असेल, आणि यातला ‘ती’ म्हणजे टॅक्सीच बरं का! हाँगकाँगच्या लोकांनी टॅक्सीचं केलं ‘तिक-सी’, त्यातलं पहिलं अक्षर उत्तरेकडे गेलं आणि तिकडच्या उच्चारात ‘ती’ झालं. तिला सांग, बघ, अर्धं इंग्रजी तुला आधीच येतंय.

एक गोष्ट मात्र सोडून दे, निदान पहिले सहा महिने. टेक आफ्टर, टेक ऑन, टेक इन ही मंडळी वेगळीच आहेत. शी टेक्स आफ्टर हर मदर हे तिला ‘ती आईच्या मागून घेते’ असंच वाटणार. चिनीत साधं ‘आईसारखी आहे’ म्हणतात. आपण मात्र ‘आईवर गेलीय’ म्हणतो, तेव्हा विचित्रपणात आपलाही नंबर वरच आहे.

आणि तिने जर अगदीच विचारलं की इंग्रजीला एवढा हावरट शब्द मिळाला कुठून, तर सांग की तो मुळात इंग्रजांचा नाहीच. व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन राहिले त्यांच्या भाषेतला तो ‘ताका’. इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता ‘निमान’, जर्मनमध्ये अजून ‘नेमेन’ म्हणून जिवंत आहे. पाहुण्याने घरच्याला हाकललं. जुन्याची एक खूण उरलीय ती म्हणजे ‘नम’, थंडीने बोटं बधीर होतात तो नम, मुळात ‘घेतलेला’, म्हणजे थंडीने ताब्यात घेतलेला. सिंगापुरात थंडी नाही त्यामुळे उदाहरण द्यायला फ्रीज उघडावा लागेल.

प्रश्न : मी चाकणला एका कंपनीत आहे, सध्या चीनहून आलेले इंजिनिअर मशिन बसवतायत. त्यांचं ‘ब्रिंग’ आणि ‘टेक’ कायम उलटं असतं. ‘प्लीज ब्रिंग द डाय टू अदर शेड’ असं म्हणाले म्हणून आमचा माणूस डाय (म्हणजे साचा) त्या शेडमधून इकडे आणायला गेला, तिथे डाय नव्हताच, टेम्पो रिकामा परत. आम्ही काय करायचं?

उत्तर : दादा, यात इंजिनिअरची चूक अर्धीच आहे. चिनीत एक शब्द आहे ‘ताय’, म्हणजे एखादी वस्तू सोबत बाळगणे, बरोबर असणे. छत्री ताय केलीस का, म्हणजे छत्री घेतलीस का. त्यात दिशा नसतेच. दिशा दाखवायची तर मागे आणखी एक शब्द लावतात, ‘ताय-लाय’ किंवा ‘ताय-छ्यू’. लाय म्हणजे ये, छ्यू म्हणजे जा. आता हे मराठीत म्हणून बघा, घेऊन ये, घेऊन जा. एका फटक्यात बसलं की नाही? त्यांची आणि आपली रचना इथे सख्खी बहीण आहे. घोळ होतो तो मधे इंग्रजी आल्यावर, कारण डिक्शनरीत ‘ताय’ पुढे आधी ब्रिंग लिहिलेलं असतं आणि दिशेचं शेपूट गळून पडतं.

त्यामुळे ब्रिंग-टेक सुधारायच्या भानगडीत पडूच नका, तुमच्याकडे मशिन बसवायचंय, इंग्रजीचा क्लास नाही. त्यांना मेसेज टाकताना दोन जागा लिहायची सवय लावा. डाय आत्ता कुठे आहे आणि शेवटी कुठे पाहिजे. फ्रॉम शेड वन, टू शेड टू. क्रियापद काहीही असू दे मग. आणि जमलंच तर लाय आणि छ्यू हे दोन शब्द आपल्या शॉपफ्लोअरवर सगळ्यांना शिकवून टाका, हाताने इकडे-तिकडे दाखवत. टेम्पोचं डिझेल वाचेल.

एक अजून, हे लोक ‘टेक इट’ म्हणाले तर कधी कधी त्यांना फक्त ‘धर’ म्हणायचं असतं. चिनीत ‘ना’ चा अर्थ हातात धरणे असाही होतो. वजनदार पार्ट असेल तर हा फरक पायाच्या बोटांना कळतो, तेव्हा जपून.

प्रश्न : माझा मुलगा चीनमध्ये एमबीबीएसला आहे. तो सांगतो की दुकानातून, हॉटेलातून निघाला की लोक ‘मान त्सोउ’ म्हणतात आणि मोबाईल त्याचा अर्थ ‘हळू चाला’ असा दाखवतो. तो म्हणतो बाबा, मी काय धावतो का? एकाने तर इंग्रजीत ‘वॉक स्लोली’ म्हणून हातच जोडले.

उत्तर : काका, तुमच्या मुलाला सांगा की ते त्याला टेक केअर म्हणतायत. आपण नाही का पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जातो आणि म्हणतो, सावकाश जा हं, जपून जा. पाहुणा काही पळत सुटलेला नसतो. तसंच ते. इंग्रजीतल्या टेक केअरमध्ये काळजी ‘घ्यायची’ असते, चिनीत पाय हळू टाकायचा असतो.

याचा एक भाऊ आहे, तो तर मला फारच आवडतो. एकत्र जेवताना ज्याचं आधी आटपलं तो उठताना बाकीच्यांना म्हणतो ‘मान-मान छ्र’, हळूहळू खा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला एकदम माझ्या आजोळची पंगत आठवली, वाढपी आमटीचं भांडं घेऊन फिरतायत आणि यजमान हात जोडून म्हणतायत, सावकाश होऊ द्या. टेक युवर टाईम म्हणून याचं भाषांतर करतात, ठीक आहे, पण त्यात आमटी नाही. मुलाला म्हणावं पुढच्या वेळी वॉक स्लोली कुणी म्हटलं तर हसून ‘श्ये-श्ये’ म्हण, म्हणजे थँक्यू, आणि खरंच जरा हळू चाल, तिकडे ई-बाईक आवाज न करता मागून येतात.

प्रश्न : मलेशियात फिरायला गेलो होतो, तिथे इंग्रजी बोलणारे चिनी लोक विचारायचे, ‘हॅव यू टेकन युवर लंच?’ लंच टेक करतात का?

उत्तर : तिकडे सर्रास करतात. चिनीतलं ‘छ्र ल मा’, म्हणजे जेवलात का, हे नुसतं विचारपूस म्हणून विचारतात, उत्तरात मेनू सांगायचा नसतो. ते इंग्रजीत आणताना ईट जरा उघडं वाटतं म्हणून असेल, टेक येतं. आपणही ‘चहा घेणार का’ म्हणतोच की. फक्त मराठीत ‘ते घेतात का’ एवढंच विचारलं तर विषय चहाचा नसतो, हे त्या लोकांना समजावण्यात माझी एक आख्खी संध्याकाळ गेली होती.

आणि जेवण बांधून न्यायचं असेल तर तिकडे टेक अवे म्हणायच्या फंदात पडू नका. ‘ता-पाओ’ म्हणा. परत तोच आपला ‘ता’, पुढे ‘पाओ’ म्हणजे पुडकं. गल्ल्यावरच्या मलय बाईला पण कळतं, तमिळ अण्णाला पण. आपल्याकडे त्यालाच पार्सल म्हणतात.